पाण्याचे मीटर आणि दुकानाचा हिशेब

पुण्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे थेट धरणांवर जाते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरमध्ये साठा किती, कपात होणार की नाही, ही चर्चा दुकानाच्या ओट्यावर रोज चालते. पण आपल्या स्वतःच्या नळातून महिन्याला किती पाणी येते, असे विचारले तर सांगणारा विरळाच. विजेची युनिटे कारागिराला तोंडपाठ असतात; पाण्याचे युनिट म्हणजे काय, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

याला आकारणीची पद्धत कारणीभूत आहे. पुणे महापालिकेत घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातून, मिळकतीच्या वार्षिक करपात्र रकमेवरून घेण्याची पद्धत चालत आली. म्हणजे चार बादल्या वापरा की चाळीस, पट्टी तेवढीच. व्यावसायिक नळजोडाला मात्र मीटर, आणि दरही घरगुतीपेक्षा जास्त. चोवीस तास समान पाणीपुरवठ्याच्या योजनेने या व्यवस्थेत मोठा बदल आणला. त्यासाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे रोखे विकून पैसा उभा केला आणि पुढे घरगुती नळांवरही मीटर बसवण्याचे काम हाती घेतले. मीटर बसले म्हणजे त्याच दिवसापासून मीटरवर बिल सुरू झाले, असे मात्र समजू नये. मिळकतकराच्या बिलात पाणीपट्टी लागून येत असेल, तर आकारणी जुन्याच पद्धतीची आहे.

आता मीटर कसे वाचायचे ते पाहू. पाण्याचे एक युनिट म्हणजे एक घनमीटर, अर्थात १००० लिटर. साध्या मीटरवरील काळे आकडे घनमीटर दाखवतात. लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे लिटर दाखवतात. बिलासाठी काळे आकडे पुरेसे. महिन्याच्या एक तारखेला वहीत आकडा लिहावा, पुढच्या एक तारखेला पुन्हा लिहावा. दोन्हींतील फरक हा महिन्याचा वापर. दर बदलत असतात, म्हणून गुणाकार करताना ताज्या बिलावरचाच दर घ्यावा, शेजाऱ्याने सांगितलेला नव्हे.

वापर जास्त की कमी, हे ठरवायला एक माप उपयोगी पडते. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक नियमांत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने रोज ६७५ लिटर, महिन्याला सुमारे २० युनिटे. आकडा ३५ किंवा ४० दिसला, तर पाहुणे फार आले असावेत किंवा पाणी कुठेतरी वाया जात असावे.

बहुधा दुसरेच खरे असते. पुण्यात घरोघरी जमिनीखालची टाकी आणि वर गच्चीवरची टाकी. खालच्या टाकीचा फ्लोट बिघडला की पाणी थेट गटारात जाते आणि रात्रीची वेळ असल्यास कोणाला कळतही नाही. नळाची धार मिनिटाला १० लिटर धरली, तर तासाभरात ६०० लिटर गेले. म्हणजे जवळजवळ एका कुटुंबाची दिवसभराची गरज! त्यापुढे ठिबकणारा नळ किरकोळ. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला १५ ते २० लिटर.

गळती शोधायला प्लंबर लागत नाही. टाकी भरून फ्लोट बंद झाला आणि नळाला पाणी चालू असले, की घरातील सर्व नळ बंद करून मीटरचा लाल काटा पाहावा. काटा फिरत असेल, तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये पाइप फुटला आहे किंवा फ्लोट पाणी धरत नाही. मीटरच्या पुढची गळती ग्राहकाच्याच खात्यावर पडते, हे विसरू नये. एक गोष्ट मीटरच्या बाजूनेही सांगायला हवी, किंवा विरुद्ध म्हणा. पाणी ठरावीक वेळेलाच येते तेथे रिकाम्या पाइपातील हवा पाण्याआधी जोराने बाहेर पडते आणि तिनेही काटा फिरतो. म्हणून चाचणी पाणी सुटल्यावर थोड्या वेळाने करावी.

खरा पेच आहे तो पेठांतील आणि कोंढव्यातील आमच्या त्या बांधवांचा, ज्यांचे खाली दुकान किंवा कारखाना आणि वर बिऱ्हाड. शिवणकाम, जरीकाम यांना पाणी लागत नाही म्हटले तरी चालेल. पण बेकरी, खानावळ, रंगारी, गाड्या धुणारा यांच्यासाठी पाणी हा कच्चा मालच. एकाच नळावर घर आणि धंदा दोन्ही चालले, तर वापर कोणता, यावरून पुढे वाद निघतो. धंद्याचा नळ वेगळा अर्ज देऊन घेतलेला बरा. अनेक भाडेकरूंमध्ये एकच जोड असेल, तर धंद्याच्या फाट्यावर स्वतःचे छोटे मीटर बसवावे. ते महापालिकेच्या बिलासाठी चालत नाही. पण आपसांत वाटणी करताना बेकरीवाल्याने किती आणि वरच्या बिऱ्हाडांनी किती द्यायचे, हे आकड्यावर ठरते.

हाच आकडा मालाच्या किमतीतही धरावा. टंचाईत १० हजार लिटरचा टँकर मागवला, तर त्याच्या भाड्याला १० ने भागा. जो आकडा येईल तो टँकरच्या पाण्याचा युनिटला पडलेला दर. तो बिलावरच्या दराशेजारी मांडला, म्हणजे उन्हाळ्यातील कामाची मजुरी किती वाढवून सांगायची, ते गिऱ्हाईक दारात येण्याआधीच ठरवता येते.