बंगळुरूतील भाड्याचे घर : ॲडव्हान्स नावाचे कर्ज

बदलीचा हुकूम हाती पडला की बँकेत नोकरी करणाऱ्याच्या घरात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात : मुलांची शाळा आणि राहण्याचे घर. २००५ साली आमची बदली कोल्हापूरहून बंगळुरूस झाली, तेव्हा शाळेचा प्रश्न आठवड्याभरात सुटला. घराने मात्र दीड महिना घेतला. शहर नवे, भाषा नवी आणि व्यवहाराच्या रीती त्याहून नव्या. पुढे वीस वर्षांनी, २०२५ च्या आषाढात, आमची कन्या नोकरीनिमित्त त्याच शहरात, त्याच मल्लेश्वरम भागात घर शोधू लागली तेव्हा आम्ही सल्लागार म्हणून तिच्याबरोबर गेलो. आता आम्ही सेवानिवृत्त. परंतु कागद पाहिला की त्याच्या मागची बाजू उलटून पाहण्याची सवय काही निवृत्त झालेली नाही.

मल्लेश्वरमला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. या देवस्थानाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी देवास गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख येथे आहे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर; पुढे १६८७ च्या सुमारास ती तीन लाख रुपयांच्या व्यवहारात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेली. आज त्याच शहरात तेवढ्या रकमेत मध्यम घराचा ॲडव्हान्स जेमतेम भागतो.

रानाचे नगर झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९८ साली शहरात प्लेगने थैमान घातले. गर्दीच्या जुन्या पेठांतून माणसांना मोकळ्या हवेत आणण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्यांची आखणी पुढे नेण्यात आली. म्हणूनच येथील रस्ते पाटीवर रेघा ओढाव्यात तसे सरळ आहेत. उभे ते ‘मेन’, आडवे ते ‘क्रॉस’. पत्ता सांगताना कोणी माणसाचे नाव घेत नाही, अंक सांगतो. त्यातल्या त्यात दोन रस्त्यांच्या वाट्यास मात्र झाडांची नावे आली. संपिगे रोड म्हणजे चाफ्याचा रस्ता आणि मार्गोसा रोड म्हणजे कडुलिंबाचा. आठव्या क्रॉसवरील फुलांचा आणि भाजीचा बाजार, सी.टी.आर.मधील लोण्याचा डोसा, वीणा स्टोअर्ससमोर हातात बशी घेऊन उभ्याने इडली खाणारी मंडळी, कार्तिकात देवळाच्या रस्त्यावर भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, हे सर्व घरापासून चालण्याच्या अंतरावर. २०१४ मध्ये संपिगे रोडपर्यंत मेट्रो आली आणि २०१७ मध्ये ती मॅजेस्टिकच्या पलीकडे गेली. तेव्हापासून येथील घरांचे मोल आणखी वाढले. शहराच्या टोकास याच भाड्यात एक खोली अधिक मिळते हे खरे. पण कन्येचे कार्यालय एम.जी. रोडजवळ, आणि बंगळुरूची वाहतूक कोणास सांगावयास नको.

घर शोधण्याची जुनी पद्धत अजून पुरती मोडलेली नाही. संकेतस्थळे आणि दलाल आहेतच. तरीही सायंकाळी गल्लीगल्लीतून फिरावे, फाटकावर टांगलेली ‘मने बाडिगेगे इदे’, म्हणजे घर भाड्याने देणे आहे, अशी पाटी दिसली की घंटा वाजवावी, हा मार्ग आम्हांस अधिक लाभला. घरमालक बहुधा खालच्या मजल्यावर राहतो आणि वरचा मजला भाड्याने देतो. पूर्वी येथे ‘वठार’ असत. एका अंगणाभोवती पाचसात बिऱ्हाडे आणि त्यांतच मालकाचे घर, थेट आपल्या वाड्यासारखी. वठार बहुतेक गेले, पण त्यांतील मालकाची नजर तेवढी मागे राहिली. माणसे किती, पाहुणे किती, रात्री किती वाजता परतता, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघरात काय शिजते? मालकाच्या स्वयंपाकघराचे नियम भाडेकरूच्या चुलीवर लादले जावेत हे आम्हांस २००५ साली पटले नव्हते आणि आजही पटत नाही. एकट्या मुलीस घर देताना तर या प्रश्नांना ऊत येतो. कन्येने दोन ठिकाणांहून या एकाच कारणास्तव नमस्कार करून पाय काढता घेतला.

आपण विचारावयाच्या प्रश्नांत पहिला प्रश्न पाण्याचा. प्रथम भेटीत आमच्या तेव्हाच्या मालकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, “आमच्याकडे संप आहे.” बँकेत उमेदवारीच्या दिवसांपासून आम्ही अनेक संप पाहिलेले, घरात संप असल्याचा आनंद कशाचा, हे कळेना. मागाहून उमगले, की येथे ‘संप’ म्हणजे पाणी साठविण्याची जमिनीखालील टाकी. नळाचे पाणी त्यात पडते आणि पंपाने गच्चीवरील टाकीत चढते. ते पाणीही साधे नव्हे. कावेरी शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर आणि शहराहून बऱ्याच खालच्या पातळीवर. पाणी सुमारे ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. जुन्या मध्यवर्ती वस्त्यांना ते मिळते. कडेच्या वस्त्यांनी कित्येक वर्षे कूपनलिका आणि टँकर यांवर काढली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या तेव्हा मोठमोठ्या संकुलांतील मंडळी बादल्या मोजू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरीही ‘कावेरी की बोअरवेल?’ हा प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी विचारावा.

आता मुख्य गोष्ट. मुंबई-पुण्याहून येणारा माणूस येथे अडखळतो तो ॲडव्हान्सपाशी. दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आधी मोजावयाचे ही बंगळुरूची जुनी चाल. अलीकडे पाचसहा महिन्यांवर तडजोड होते, पण मागणी दहापासूनच सुरू होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचविली आहे. मात्र राज्याने स्वतःचा कायदा केल्यावाचून तिचा उपयोग नाही. आमचे २००५ चे भाडे ८,००० रुपये आणि ॲडव्हान्स ८०,००० रुपये. व्याज शून्य. त्या काळच्या सहा टक्क्यांनी हिशेब केला तर वर्षास ४,८०० आणि महिन्यास ४०० रुपये आपण मालकास न बोलता देत होतो. शिवाय घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची रीत. चार वर्षांत ते वाटून टाकले तर महिन्यास आणखी सुमारे १६७ रुपये. म्हणजे आम्ही आठ हजारांच्या घरात राहतो असे सांगत होतो आणि साडेआठ हजारांहून अधिक मोजत होतो. (आणि १९६२ च्या प्राप्तिकर नियमांत घरभाडे भत्त्याच्या ५० टक्के सवलतीसाठी धरलेली शहरे चारच : मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई. बंगळुरूच्या वाट्यास ४० टक्केच आले होते.)

२००९ साली पुण्यास बदली झाली, तेव्हा या ॲडव्हान्सचे दुसरे रूप दिसले. मालक सज्जन होते. चार वर्षे सणासुदीस त्यांच्या घरून ताट आले. गृहप्रवेशाच्या दिवशी दूध उतू घालण्यास त्यांच्या पत्नीनेच शिकविले. परंतु रक्कम मागताच ते शांतपणे म्हणाले, “नवा भाडेकरू आला, की त्याच्या ॲडव्हान्समधून देतो.” तोवर आम्ही समजत होतो, की आमचे ८०,००० रुपये त्यांच्याकडे आहेत. ते कधीच खर्ची पडले होते. एका भाडेकरूची रक्कम दुसऱ्याने द्यावयाची, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि मालकाने मध्ये केवळ हात पुढे करावयाचा. इकडे पुण्यातील घरास अनामत देणे होते. ती आम्ही भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन भागविली. सहा आठवड्यांनी ७२,००० रुपयांचा धनादेश आला. मालकांचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचाच. कर्जमागणीच्या अर्जावर रोज शंभर शंका काढणारे आम्ही, ८०,००० रुपयांचे बिनव्याजी, बिनतारण आणि बिनमुदतीचे कर्ज एका भल्या गृहस्थास केवळ चेहऱ्यावर विश्वास ठेवून दिले होते.

कन्येसमोर २०२५ मध्ये वाढून ठेवलेले ताट याहून मोठे होते. एका देखण्या दुसऱ्या मजल्यासाठी मालकांनी सांगितले, “भाडे नकोच, लीजवर घ्या.” बंगळुरूच्या बोलीत ‘लीज’ म्हणजे भोग्य. एकरकमी मोठी रक्कम द्यावयाची, ठरलेली वर्षे भाड्याविना राहावयाचे आणि जाताना सर्व रक्कम परत घ्यावयाची. रक्कम २२ लाख, मुदत तीन वर्षे. तशाच घराचे त्या गल्लीतील भाडे ३५,००० रुपये. कन्येचा हिशेब तयार होता : २२ लाखांवर बँकेचे साडेसहा टक्के धरले तर महिन्यास सुमारे १२,००० रुपयांचे व्याज बुडते, पण ३५,००० रुपयांचे भाडे वाचते. फायदा उघड होता. आमच्या नावावरील काही ठेवी मोडाव्या लागल्या असत्या, एवढेच.

आम्ही तोच हिशेब उलट्या बाजूने मांडला. मालक वर्षास ४,२०,००० रुपयांच्या भाड्यावर पाणी सोडून २२ लाख वापरावयास घेत आहेत. म्हणजे त्यांना हे पैसे १९ टक्क्यांनी पडतात. मल्लेश्वरमसारख्या ठिकाणी स्वतःची इमारत असलेला माणूस बँकेत आला तर त्यास याच्या निम्म्या दराच्या आसपास कर्ज मिळावे. मग तो १९ टक्क्यांनी का घेतो? कधी कारण साधे असते : मुलीचे लग्न, वर आणखी एक मजला, बँकेच्या कागदपत्रांचा कंटाळा. भोग्याचे असे व्यवहार वर्षानुवर्षे सुखरूप पार पडलेलेही आम्ही पाहिले आहेत. पण कधी कारण हे असते, की बँकेचे कर्ज आधीच घेऊन झालेले असते.

शोध घेण्यास फार काही लागत नाही. नोंदणी खात्याकडून ई.सी., म्हणजे मालमत्तेवर नोंदलेला बोजा आहे किंवा नाही याचा दाखला मिळतो. त्या खात्याच्या संगणकप्रणालीचे नावही ‘कावेरी’. तेव्हा बंगळुरूत घर घेणाऱ्याने दोन्ही कावेरींची चौकशी करावी. ई.सी.मध्ये आम्हांस काही आढळले नाही. परंतु मूळ मालकीपत्रे सावकाराच्या स्वाधीन करून केलेले गहाण तेथे दिसेलच असे नाही. त्यासाठी ‘सरसाई’ या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय नोंदवही आहे. मार्च २०११ पासून बँका आपली गहाणे तेथे नोंदवितात आणि किरकोळ शुल्क भरून कोणासही ती पाहता येतात. त्या इमारतीवर एका कर्जदात्याचा बोजा तेथे स्पष्ट दिसला.

घरावर कर्ज असणे हा काही गुन्हा नव्हे. त्या कर्जांवरच तर आपला पगार झाला. पण हप्ते थकले आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेण्याची वेळ आली, तर गहाणानंतर, बँकेच्या संमतीवाचून, नोंदणी न केलेल्या कागदावर राहणाऱ्या भाडेकरूस फारसा आधार उरत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून तर साधे करार अकरा महिन्यांचे असतात. येथे मुदत तीन वर्षांची आणि मालकांनी पुढे केलेला मुद्रांक-कागद नोंदणीवाचूनचा. ताबा घेणाऱ्या बाजूने आम्ही अशा दारात एकदा उभे राहिलो आहोत. आतल्या कुटुंबाने मालकास दिलेल्या रकमेची पावती आमच्यापुढे धरली होती. पावती खरी होती. ती वसूल करण्यासाठी त्यांना मालकाविरुद्ध न्यायालयात जावे लागणार होते, आणि मालकाकडे उरलेले एकमेव घर आमच्या कुलपाखाली होते. ती पावती दोनदा घडी घालून त्या बाईंनी पुन्हा पर्समध्ये ठेवली, तो क्षण आम्ही विसरलेलो नाही. कन्येस प्रथमच तो सांगितला.

मालकांकडे आम्ही दोनच गोष्टी मागितल्या : कर्जदात्याचे लेखी संमतीपत्र आणि नोंदणीकृत करार. “विचारून कळवितो,” असे ते म्हणाले. त्यांचा निरोप आला नाही.

शेवटी घर मिळाले ते मार्गोसा रोडपासून दोन गल्ल्या आत. खोल्या लहान, जिना अरुंद, संप मोठा आणि पाणी कावेरीचे. भाडे ३६,००० रुपये. मालकीणबाईंनी दहा महिने मागितले, कन्येने तीन सांगितले, पाचांवर समेट झाला. १,८०,००० रुपये खात्यातून खात्यात गेले, रोख एक रुपयाही नाही. करारात आम्ही दोन ओळी घालून घेतल्या : किल्ली परत दिल्यापासून पंधरा दिवसांत ॲडव्हान्स परत, नवा भाडेकरू येवो न येवो, आणि रंगकामाची कपात प्रत्यक्ष खर्चाइतकी, तीही एक महिन्याच्या भाड्याच्या आतच. पहिली ओळ वाचताना मालकीणबाई थोड्या थांबल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, की त्या बँकेत एक ठेव वेगळीच ठेवतील आणि तिला हात लावणार नाहीत.

आषाढात येथे कोणी घर बदलत नाही. त्यामुळे पाट्या अधिक दिसतात आणि मालक थोडे मऊ होतात, हा अनुभव दोन्ही वेळा आला. करार आषाढात झाला. सामान मात्र मालकीणबाईंच्या आग्रहावरून श्रावणातील पहिल्या शुक्रवारी आत आले. दूध उतू घालण्यास पातेले सापडेना, ते तळमजल्यावरून आले.