गोळी तीच, मूत्रपिंड मात्र तहानलेलं

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं जातं, तेव्हा त्याचं तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याच्या धगीत पूर्ण शिफ्ट काढणाऱ्या कामगाराच्या अंगातून घामावाटे काही लिटर पाणी जातं. शिफ्ट सुटताना कंबर धरते आणि मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेतली जाते. हीच गोळी पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला जितकी सोसते, तितकी या कामगाराला सोसत नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत, म्हणून वेदना कमी होते. ॲस्पिरिनच्या बाबतीत हे औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१मध्ये दाखवून दिलं. पण शरीरातलं पाणी घटतं, तेव्हा मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतात. ऐन गरजेच्या वेळी गोळी हा आधारच काढून घेते. रक्तदाबाची काही औषधं किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

‘वर्षानुवर्षं खातोय, काही झालं नाही,’ असं कुणी म्हणेल. धडधाकट माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही, हे खरंच आहे. पण मूत्रपिंड दुखून इशारा देत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत त्याची निम्मी क्षमता गेलेली असू शकते. शिवाय गोळ्यांची मोजणीही चुकते. एका पाकिटामागे बारीक अक्षरांत डायक्लोफिनॅक ५० मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. असतं, दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावर ॲसिक्लोफिनॅक १०० मि.ग्रॅ. आणि पुन्हा तेच पॅरासिटामॉल. नावं वेगळी म्हणून दोन्ही घेतली, की एकाच जातीचं औषध दुप्पट पोटात जातं. नुसतं पॅरासिटामॉल मूत्रपिंडाला त्या मानाने सौम्य. पण त्याचा अतिरेक यकृताला घातक, आणि रोज दारू घेणाऱ्याला अधिकच.

गोळीऐवजी विश्रांती घ्या म्हटलं, तर खरा आक्षेप पोटाचा आहे: खाडा केला तर पगार कापला जातो. तो झटकून टाकण्यासारखा नाही, आणि कामगाराला दोष देऊन तो सुटणारही नाही. भट्टीपाशी प्यायचं पाणी आणि सावलीतली विश्रांती देणं ही मालकाची जबाबदारी आहे. ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास, डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतं. दुखणं तीन दिवसांत हटलं नाही, तर चौथी गोळी घेण्याआधी तो दाखला मागा.