पार्टी घरची, जबाबदारी सगळ्यांची

‘‘आई, परीक्षा संपली की वर्गातल्या सगळ्यांना आपल्याकडे बोलवू?’’

कॉलेजात जाणाऱ्या मुलीने असे विचारले की घरात क्षणभर शांतता पसरते. आईच्या डोळ्यांसमोर उष्ट्या ताटल्यांचा ढीग उभा राहतो, वडिलांना शेजारी आठवतात आणि आजी विचारते, ‘‘मुली रात्री घरी कशा जाणार?’’ तिघांचीही शंका रास्त आहे. नाही म्हणणे सोपे असते. पण घराचे दार बंद झाले की मुले जिथे कुणी वडीलधारे नाही अशी जागा शोधतात. त्यापेक्षा तिन्ही शंकांची उत्तरे मुलांनीच आधी शोधून आणली तर?

कोलकात्याच्या दक्षिणेला, हुगळीच्या काठी वसलेल्या बजबजचेच उदाहरण घ्या. सियालदहहून येणारी लोकल इथे संपते. नदीपलीकडच्या बाउडियाहून येणारा नावेने येतो. वर्गातले वीसजण एका घरी जमायचे तर कुणी रेल्वेने, कुणी नावेने, तर कुणी गल्लीतून चालत येणार. अशा ठिकाणी पार्टीची आखणी फुगे आणि केक यांच्यापासून नव्हे, तर परतीच्या वाटेपासून सुरू करावी लागते.

आधी परतीची वाट

पाहुण्याच्या प्रवासाची काळजी घेण्याचा धडा बजबजच्या इतिहासातच आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद परदेशातून परतले, ते मद्रासहून जहाजाने बजबजला उतरले. स्वागत समितीने त्यांच्यासाठी इथून सियालदहपर्यंत खास गाडीची व्यवस्था केली होती. सियालदहला लोटलेल्या गर्दीतल्या तरुणांनी तर त्यांच्या बग्गीचे घोडे सोडून ती स्वतः ओढली. उत्साह तरुणांचा होता, पण त्यामागे समितीची आखणी होती.

घरच्या पार्टीतही तेच सूत्र ठेवावे. शेवटची लोकल आणि शेवटची नाव यांच्या वेळा आदल्या दिवशी स्टेशनवर व घाटावर विचारून घ्याव्यात आणि कार्यक्रम त्याच्या तासभर आधी संपवावा. त्यापेक्षा दुपारी बाराला सुरू करून संध्याकाळी सहाला आवरणारी पार्टी केव्हाही उत्तम. पाहुण्यांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे घरचा फोन नंबर आणि ‘कुणाबरोबर जाणार’ हे लिहावे. एकाच दिशेच्या मुलामुलींचे गट करावेत. घरी पोहोचल्याचा प्रत्येकाचा निरोप आल्यावरच यजमानांनी दिवा मालवावा.

यादीही पक्की हवी. ‘मित्राचा मित्र’ ऐनवेळी दारात उभा राहिला की स्वयंपाकाचे गणित तर बिघडतेच, शिवाय घरच्यांचा विश्वासही डळमळतो.

वर्गणी आणि वही

बंगालमधल्या मुलांना आयोजनाचे बाळकडू सरस्वती पूजेतून मिळते. वसंत पंचमीला शाळा-कॉलेजांत ही पूजा होते. वर्गणी गोळा करण्यापासून मूर्ती आणणे, सजावट करणे आणि खिचडी वाढणे इथपर्यंत विद्यार्थी राबतात. आपल्याकडे गणेशोत्सवात जे मुले शिकतात, तेच. हीच शिस्त घरी आणायची.

समजा, वीसजणांनी प्रत्येकी २५० रुपये काढले, तर ५,००० रुपये जमतात. त्यातले ३,००० खाण्यापिण्यासाठी, ५०० सजावटीला, ५०० खेळ व छोट्या बक्षिसांना ठेवावेत. उरलेल्या १,००० रुपयांना हात लावू नये. कुणाला बरे वाटेनासे झाले किंवा रिक्षा करावी लागली तर ते कामी येतात. एकाने पैसे सांभाळावेत, दुसऱ्याने वहीत खर्च लिहावा. ज्याला वर्गणी जड जाते त्याच्याकडून पैशांऐवजी काम घ्यावे, मात्र त्याचा बोभाटा करू नये.

पाने वीस, पदार्थ चार

पदार्थ मोजकेच ठेवा. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा हवाच. अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्याला आले आणि नदीकाठच्या मटियाबुर्जला स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर ही बिर्याणी इथे आली असे सांगतात. वीसजणांसाठी अडीच किलो तांदूळ, चार किलो कोंबडी आणि वीस मध्यम बटाटे पुरतात. शाकाहारी मंडळींसाठी लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणि आलूर दम करावा. माणशी पाच लुच्या धराव्यात. सोबत टोमॅटोची गोड चटणी आणि शेवटी संदेश. पिण्याचे पाणी माणशी दीड लिटर हवे.

नदीकाठच्या दमट हवेत शिजवलेले अन्न लवकर खराब होते. म्हणून बिर्याणी जेवणाच्या वेळीच उतरेल असा बेत करावा. वाढून झाल्यावर उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे; कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच.

स्वयंपाक आईच्या गळ्यात मारू नये. चौघांनी भाज्या चिराव्यात, तिघांनी वाढावे, तिघांनी भांडी घासावीत. या कामांत मुलगे-मुली असा भेद नको. लुच्या लाटताना मुलांची जी फजिती होते, ती पार्टीतली पहिली करमणूक!

गच्चीवर पार्टी करायची असेल तर थंडीचे दिवस चांगले. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की ‘कालबैशाखी’ म्हणजे वळवाचे वादळ विजा घेऊन येते. त्या दिवसांत बैठकीची खोलीच बरी.

गाणी दहाच्या आत

शेजाऱ्यांना दोन दिवस आधी जाऊन सांगावे, जमल्यास संदेशची बशी द्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. दिवसाही आवाज घराबाहेर जाणार नाही इतकाच ठेवावा. शेजारी आजारी माणूस किंवा परीक्षेला बसलेले मूल असू शकते.

फटाके मात्र नकोतच. बजबज-महेशतला भागात फटाके बनवण्याचा धंदा मोठा आहे आणि मे २०२३ मध्ये बजबज परिसरात घरात साठवलेल्या फटाक्यांच्या स्फोटात जीव गेले. दारूचाही प्रश्न आधीच निकालात काढावा. पश्चिम बंगालमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना दारू विकणे कायद्याने गुन्हा आहे आणि कॉलेजातली बहुतेक मुले त्याहून लहान असतात. ‘आमच्याकडे दारू नाही’ हे आमंत्रण देतानाच हसतमुखाने सांगितले की पुढचे अवघड प्रसंग टळतात.

थट्टा कुणाची?

अंताक्षरी, दमशेरास, चिठ्ठी उचलून नक्कल, असे खेळ घ्यावेत. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला सर्वांसमोर लाजिरवाणे काही करायला लावणे हा खेळ नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम कॉलेजच्या आवाराबाहेरही लागू होतात. ज्याची थट्टा झाली तोच हसत नसेल, तर खेळ तिथेच थांबवावा. कोपऱ्यात एकटे बसलेल्याकडे लक्ष ठेवायला एक समंजस मैत्रीण नेमावी.

आईवडिलांनी घरात असावे, पण मुलांच्या घोळक्यात बसू नये. सुरुवातीला सर्वांची विचारपूस करावी, जेवणाच्या वेळी एक फेरी मारावी आणि बाकीचा वेळ आतल्या खोलीत काढावा. आपल्यावर विश्वास टाकला आहे हे जाणवले की मुलेही तो जपतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पार्टी पाहुणे गेल्यावर संपत नाही. यजमान आणि दोन-तीन मित्रांनी त्याच संध्याकाळी केर काढावा, उसनी आणलेली पातेली घासून ज्याची त्याला पोचवावीत. दुसऱ्या दिवशी हिशेबाची वही सर्वांना दाखवून उरलेले पैसे परत करावेत आणि शेजाऱ्यांना ‘त्रास झाला नाही ना?’ एवढे विचारून यावे.

एवढे केले की पुढच्या परीक्षेनंतर मुलगी पुन्हा तोच प्रश्न विचारील तेव्हा घरात शांतता पसरणार नाही. आजी आपली नेहमीची शंका काढील, पण उत्तर तिला आधीच ठाऊक असेल. आणि वडील वर्तमानपत्रातून डोके वर काढून इतकेच विचारतील, ‘‘या वेळी किती जण?’’