यादीत नाव नसलं तरी

मुलांनो, अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलींची देशभर क्रमवारी लावतात बरं का! चांगल्या खेळाडूंना कॉलेजं शिष्यवृत्ती देऊन बोलावतात.

आपल्याकडेही शाळकरी वयातच खेळाडू शोधतात. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली 'क्रीडा प्रबोधिनी' योजना सुरू केली. निवडलेल्या मुलामुलींना वसतिगृहात ठेवून शिक्षण आणि प्रशिक्षण द्यायचं, अशी ही योजना. आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचीही भोसरीच्या इंद्रायणीनगरात क्रीडा प्रबोधिनी शाळा आहे.

शासनाच्या प्रबोधिनीसाठी आधी चाचण्या होतात. उंची-वजन मोजतात. मग ३० मीटर आणि ८०० मीटर धावणं, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणं... प्रत्येकाला गुण! कुठला खेळ येतो हे या चाचण्यांत पाहत नाहीत. चपळाई, ताकद आणि दम पाहतात.

पण दहाव्या वर्षी बुटकी दिसणारी मुलगी बाराव्या वर्षी भराभर वाढते. शिवाय हरल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानावर कोण येतं, ते टेपने कसं मोजणार?

म्हणून पालकहो, यादीत नाव नाही म्हणून लेकीचे बूट माळ्यावर टाकू नका. संध्याकाळचा तासभर तिला खेळू द्या.