माझं मत नक्की कुठे गेलं?

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. माझं आयुष्यातलं पहिलं, आणि आजीचं कितवं ते तिलाही आठवत नाही. मी बोटावरची शाई मिरवत बूथबाहेर आले, तर आजी म्हणते, "अगं, चष्मा सावरेपर्यंत ती चिठ्ठी खाली पडली. माझं मत बरोबर गेलं ना?" मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी! ऐटीत म्हटलं, "आजी, मशीन आहे ते, चुकत नाही." पण रात्री वाटलं, हे मी कशाच्या जोरावर बोलले?

मित्रांनो, आधी मशीन समजून घेऊ. आपण बटण दाबतो ते बॅलट युनिट. मतं साठतात ती कंट्रोल युनिटमध्ये. आणि तिसरा डबा म्हणजे व्हीव्हीपॅट, सोप्या भाषेत प्रिंटर. उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते आणि आतल्या पेटीत पडते. मशीन इंटरनेटला जोडलेलं नसतं. मतदान सुरू होण्याआधी पक्षांच्या एजंटांसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल घेतात. त्यामुळे "घरबसल्या हॅक केलं" ही कॅन्टीनमधली थिअरी काही पटत नाही.

मग अडतं कुठे? चिपच्या आतला प्रोग्रॅम काय करतोय ते ना आजीला दिसतं, ना मला. २०१० मध्ये हरिप्रसाद, हाल्डरमन आणि गोंग्रीप या संशोधकांनी दाखवून दिलं की मशीन हातात मिळालं, तर डिस्प्ले बदलून खोटा आकडा दाखवता येतो. तेव्हा व्हीव्हीपॅट नव्हतं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा कागदी पुरावा हवाच. आरएसएमधला 'आर' म्हणजे रॉन रिव्हेस्ट. त्यांचा आणि जॉन वॅक यांचा नियम असा : सॉफ्टवेअरमधल्या चुकीने निकाल बदलला आणि ते कोणाला कळलंच नाही, असं कधीच होता कामा नये. कागद असेल तर ते कळू शकतं. पण कागद मोजला तरच ना!

२०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून ५ मशिनांच्या चिठ्ठ्या मोजतात. फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. आता बारावीचं प्रोबॅबिलिटी आठवा. समजा ३०० मशिनं आहेत आणि ३० मध्ये गडबड आहे. त्यातलं एकतरी मशीन या ५ मध्ये सापडण्याची शक्यता ४१ टक्के. गडबड फक्त ३ मध्ये असेल तर जेमतेम ५ टक्के!

लीड लाखाचं असेल तर ३ मशिनांनी निकाल बदलणार नाही. पण २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये निकाल लागला ४८ मतांनी. तिथे घोटाळा झाला असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की लाखाच्या लीडला आणि ४८ च्या लीडला तपासणी एकसारखीच.

२०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. पण सगळ्या मोजायची गरजही नाही. अमेरिकेत कॉलराडो राज्य २०१७ पासून वेगळी पद्धत वापरतं. लीड मोठं असेल तर थोडे कागद तपासतात, चुरस असेल तर जास्त. शंका ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत तपासणी चालते. नाहीच आली, तर सगळे कागद हाताने मोजतात. आपल्याकडे हेच मशीननिहाय करता येईल. नवं मशीन नको, नवी चिप नको. चिठ्ठ्या तर आधीच पेटीत आहेत! थोडं गणित आणि एखादा दिवस जास्तीचा, बस्स.

लॅबमध्ये आपण एकच रीडिंग घेतलं तर सर जर्नल परत देतात. मग देशाच्या निकालाला वेगळा नियम का? पराभूत उमेदवारालाही "हो, हरलो" असं वाटलं पाहिजे, तीच खरी अॅक्युरसी.

आजीला मी अजून खरं उत्तर दिलेलं नाही. "बहुतेक बरोबरच गेलं असेल गं," एवढंच आज सांगू शकते. यातला 'बहुतेक' काढून टाकणं, हे आपल्यासारख्या इंजिनिअर्सचंच काम नाही का?