नुसतं ऐकून मन सावरतं का?

‘काही नाही हो, जरा थकवा आलाय’, ‘आताशा कशातच मन लागत नाही बघा’... हळदी-कुंकवाला, बचतगटाच्या बैठकीत, भाजी निवडता निवडता अशी वाक्यं आपण किती वेळा ऐकतो! ऐकतो आणि ‘होतं असं कधीकधी’ म्हणून सोडून देतो. पण ही उदासी दोन आठवडे झाले तरी हटेना, झोप उडाली, घास गिळवेना, स्वतःचाच कंटाळा येऊ लागला, तर तो नुसता थकवा नसतो, मैत्रिणींनो. ते नैराश्य असू शकतं, आणि नैराश्य हा आजार आहे. आळस नव्हे, नखरे तर मुळीच नव्हेत.

पण तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ शोधायचा कुठे? जिल्ह्याला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. घरात काय सांगायचं, लोक काय म्हणतील, हे वेगळंच. मग बाई मोबाइल हातात घेते. ‘पाच मिनिटांत दुःख विसरा’, ‘हे ऐका, आयुष्य बदलेल’ अशा क्लिपा कुणी ना कुणी पाठवत असतंच. आमच्या गटातल्या एका ताईंनी मला सरळच विचारलं, ‘वहिनी, हे ऐकून खरंच बरं वाटतं, की नुसता टाइमपास?’

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि त्याची नीट पारख झालेली आहे, तीही आपल्यासारख्याच साध्या बायकांमध्ये! युगांडात ऱ्हायनो कॅम्प नावाची निर्वासितांची वसाहत आहे. दक्षिण सुदानमधल्या लढाईमुळे घरदार सोडून आलेल्या बायका तिथे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला ‘सेल्फ हेल्प प्लस’ हा कार्यक्रम तिथे तपासला गेला. आठवड्याला एक अशा पाच बैठका, प्रत्येक साधारण दोन तासांची. शिकवणारा आवाज ध्वनिमुद्रित, त्यांच्याच बोलीतला. सोबत चित्रांचं पुस्तक, म्हणजे वाचता येत नसलं तरी अडत नाही. बैठक चालवणाऱ्यांना मानसोपचाराची पदवी नव्हती, फक्त थोड्या दिवसांचं प्रशिक्षण होतं.

आता पारख कशी केली ते बघा. औषध न घेताही काहींची सर्दी जातेच ना? मग गुण औषधाचा की दिवसांचा, हे कळायचं कसं? म्हणून 14 गावांतल्या 694 त्रासलेल्या बायका निवडल्या आणि गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली. निम्म्या गावांत या बैठका, उरलेल्या गावांत नुसती माहिती आणि नेहमीची मदत. तीन महिन्यांनी दोन्हीकडच्या बायकांना तेच ठरलेले प्रश्न विचारले. बैठकांना बसलेल्यांचा मानसिक ताण जास्त उतरला होता, नैराश्याची लक्षणंही कमी झाली होती. 2020 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आले.

मग सगळीकडे असाच गुण आला का? नाही. तुर्कस्तानातल्या सीरियन निर्वासितांमध्ये सहा महिन्यांनी मानसिक आजार जडलेले लोक बैठकांच्या गटात सुमारे 22 टक्के होते, तर दुसऱ्या गटात 41 टक्के. पश्चिम युरोपात मात्र बैठका संपल्यावर लगेच फरक दिसला, तो सहा महिन्यांपर्यंत टिकला नाही. म्हणजे रेकॉर्डिंग ही जादूची कांडी नव्हे. आधाराची काठी म्हणा हवं तर!

त्या आवाजात सांगितलं काय होतं? ‘वाईट विचार करूच नका’ असं नाही. तसं म्हटल्यानं विचार थांबतात होय? उलट, आलेला विचार ओळखा, त्याला नाव द्या, पाय जमिनीला लागलेत ते जाणवू द्या, आणि हातातल्या कामाकडे परत या. स्वतःशी मायेनं बोला. आपल्याला जे मोलाचं वाटतं, त्यातलं एखादं छोटं काम करा.

तेव्हा कुठलीही क्लिप ऐकण्याआधी विचारा : ही कुणी तयार केली? तिची पारख झाली आहे का? चालू असलेली औषधं बंद करायला ती सांगत असेल, तर लगेच बंद करा... औषधं नव्हे, क्लिप! आणखी एक लक्षात ठेवा, त्या बायका एकेकट्या कानात वायर घालून ऐकत नव्हत्या, एकत्र बसत होत्या. आपल्या बचतगटांनाही हे जमण्यासारखं आहे.

मात्र ‘जगून काय करायचं’ असं कुणाच्या तोंडून निघालं, तर तिथे रेकॉर्डिंग पुरत नाही. ऱ्हायनो कॅम्पमध्येही असा तातडीचा धोका असलेल्या बायकांना या पाहणीत घेतलं नव्हतं. अशा बाईला एकटीला सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची ‘टेलिमानस’ ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा 2022 पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आजच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गॅसवाल्याचा नंबर असतो ना, त्याच्याच शेजारी.