तेरा मोठे की एकवीस?

तेरा आणि एकवीस यांत मोठी संख्या कोणती, असे कोणी विचारले तर तुम्ही हसाल. पण २०१० साली अमेरिकेत याच दोन संख्यांवरून मोठा वाद रंगला, आणि शेवटी सरस ठरला तो तेरावाला!

हा वाद बेसबॉलचा. या खेळात फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला ‘पिचर’ म्हणतात. सामन्यात प्रत्येक संघाला नऊ छोटे डाव मिळतात. तीन गडी बाद झाले की डाव संपतो. अमेरिकेत ‘अमेरिकन लीग’ आणि ‘नॅशनल लीग’ असे संघांचे दोन गट आहेत. दरवर्षी प्रत्येक गटातील सर्वोत्तम पिचरला ‘साय यंग पुरस्कार’ मिळतो. ५११ विजय मिळवणाऱ्या साय यंग या पिचरच्या नावाने १९५६ साली हा पुरस्कार सुरू झाला. विजेता निवडतात क्रीडापत्रकार, मते देऊन.

संघ जिंकला की तो विजय एका पिचरच्या नावे लिहितात. हरला की पराभवही तसाच लिहितात. २०१० साली न्यूयॉर्क यांकीज संघाच्या सी. सी. साबाथियाच्या नावे २१ विजय व ७ पराभव होते. सिअ‍ॅटल मरिनर्सच्या फेलिक्स हर्नांडेझच्या नावे मात्र १३ विजय व १२ पराभव. मग यात वाद कसला?

थोडा विचार करा. पिचर फार तर प्रतिस्पर्ध्यांच्या धावा रोखील. सामना जिंकण्यासाठी त्याच्या संघानेही धावा काढायला हव्यात ना? त्या हंगामातील १६२ सामन्यांत यांकीजने ८५९ धावा काढल्या, म्हणजे सामन्यामागे सुमारे ५.३. मरिनर्सने काढल्या अवघ्या ५१३, म्हणजे सुमारे ३.२. तेव्हा विजयांच्या संख्येत पिचरचे कौशल्य आणि सोबत्यांची फलंदाजी यांचे मिश्रण असते. मिश्रणातला एकच घटक मोजायचा, तर तो आधी वेगळा करायला हवा.

त्यासाठी एक सोपे माप आहे. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळायच्या, उरलेल्या धावांना ९ ने गुणायचे आणि पिचरने टाकलेल्या डावांनी भागायचे. नऊ डावांमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या, ते कळते. सरासरी जितकी कमी, तितका पिचर चांगला. एक गडी बाद म्हणजे १/३ डाव, हे लक्षात ठेवून गणित करू :

हर्नांडेझ : ६३ × ९ ÷ २४९ २/३ = २.२७
साबाथिया : ८४ × ९ ÷ २३७ २/३ = ३.१८

पाहिलेत, पारडे कसे फिरले! मत देणाऱ्या २८ पत्रकारांपैकी २१ जणांनी हर्नांडेझला पहिली पसंती दिली. पुढे २०१८ साली नॅशनल लीगमध्ये जेकब डिग्रॉमच्या नावे तर केवळ १० विजय होते. पण त्याची सरासरी होती १.७०. त्याला ३० पैकी २९ प्रथम पसंतीची मते मिळाली.

मग ही सरासरी बिनचूक समजायची का? नाही! सिअ‍ॅटलचे तेव्हाचे मैदान पिचरला अनुकूल मानले जाई, आणि न्यूयॉर्कचे फलंदाजांना. शिवाय चपळ क्षेत्ररक्षक अवघड चेंडूही झेलतात; त्यामुळे वाचलेल्या धावांचे श्रेय पिचरला मिळते. म्हणून अभ्यासक मैदानाचाही हिशेब धरतात आणि क्षेत्ररक्षकांचा जवळजवळ संबंध नसलेल्या गोष्टी, जसे पिचरने स्वतः चकवून बाद केलेले फलंदाज, वेगळ्या मोजतात. माप सुधारत जाते, पण वाद पूर्णपणे मिटत नाही.

विज्ञानातही असेच असते. एखाद्या खताने पीक वाढले असे म्हणण्यापूर्वी पाऊस आणि जमीन यांचा वाटा पाहावा लागतो. तुमच्या शाळेच्या क्रिकेट संघाची धावपुस्तिका मिळवा. सर्वोत्तम गोलंदाज आधी बळींच्या संख्येवरून ठरवा, मग एका बळीमागे दिलेल्या धावांवरून. दोन्ही वेळा एकच नाव आले का? नसेल, तर प्रत्येक आकड्यात आणखी कोणाकोणाचा वाटा आहे, ते शोधा!